अडीच मिलिमीटर

चौदा जून दोन हजार अकरा, मंगळवार. सकाळी सहा चाळीसला मी प्रणालीचा रिटेनर उकळत्या पाण्यात टाकला. सहा चव्वेचाळीसला गॅस बंद केला.

रिटेनर म्हणजे दातांवर बसणारा पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा साचा. दातांच्या तारा काढल्यावर दात पुन्हा जुन्या जागी सरकू नयेत म्हणून तो घालायचा असतो. प्रणालीच्या तारा पाच आठवड्यांपूर्वी निघाल्या होत्या. दात घासताना आणि जेवताना ती तो काढून निळ्या डबीत ठेवायची. एरवी दिवसरात्र तो दातांवर असायचा.

ती न्हाणीतून आली तेव्हा केसांना पंचा गुंडाळलेला होता. ओट्यावरची डबी उघडी होती आणि रिकामी होती.

"मावशी, माझा रिटेनर?"

मी पातेल्याकडे बोट केलं. तिने आत पाहिलं. चमच्याने तो बाहेर काढला, नळाखाली धरला. भाजताना पापड मुडपतो तसा तो सगळ्या बाजूंनी आत वळला होता. तरी तिने तो वरच्या दातांवर दाबून पाहिला. बसला नाही. पुन्हा दाबला. मग ओट्यावर ठेवला.

"गरम पाणी चालत नाही," ती म्हणाली. "सूचनांचा कागद तूच फ्रिजवर लावलास. त्या ओळीखाली लाल रेघ तूच मारलीस."

"हो."

"मग?"

"हात गेला," मी म्हणाले. "सवयीनं."

सवय खरी होती. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी तेव्हा नर्स होते आणि केंद्रामागच्याच क्वार्टरमध्ये राहत होते. नोकरीला पंचवीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली पंधरा काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळण्यात गेली. वीस मिनिटं, तीही पाणी उकळायला लागल्यापासून मोजून. पुढे एकदा वापरून टाकायच्या सिरिंजा आल्या, पण नाळ कापायच्या कात्र्या आणि चिमटे उकळायचे राहिलेच. घरातही माझं तसंच होतं. प्रणाली लहान असताना तिच्या वाट्या-चमचे मी रोज उकळायची. तिची खेळण्यातली भांडीसुद्धा एकदा उकळली होती. त्यातली निम्मी प्लास्टिकची होती.

सव्वासातला हिराबाई आली. केंद्रातली आया. आमच्याच गावची, मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, शैलाला, परकर-पोलक्यात पाहिलेली. वाडीवर लसी द्यायला जायचं होतं, म्हणून ती मला हाक मारायला आली होती.

"काय झालं गं पोरी? तोंड का पाडलंयस?"

प्रणालीने ओट्याकडे बोट दाखवलं. हिराबाईने तो वाकडा तुकडा उचलून उजेडात धरला.

"ह्ये काय? कशाचं झाकण हाय?"

"माझ्या दातांचं आहे. मावशीनं उकळलं."

हिराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं, तिचा हातच हाय त्यो! सुया उकळून उकळून जन्म गेला बयेचा. भाजीबी घड्याळ लावून शिजवती. तुला न्हाई उकळलं ह्येच नशीब समज."

प्रणालीलाही हसू आलं. वरचे दात दिसले, सरळ, एकमेकांना लागून बसलेले. हिराबाईचं हसणं तिथेच थांबलं. तिने तुकडा ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "चला बाई, जीप थांबलीय."

दुपारपर्यंत केंद्रात सगळ्यांना कळलं होतं. नर्सबाईंनी पोरीचे दात उकळले. डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "सिस्टर, वीस मिनिटं पूर्ण केली का?" मीही हसले. कारण सगळ्यांना पटलं होतं. मला दुसरं कारण कुणी विचारलं नाही.

शैला पंचाण्णवच्या ऑगस्टमध्ये काविळीने गेली. प्रणाली तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. तिच्या वडिलांनी वर्षाच्या आत मुंबईला दुसरं लग्न केलं आणि मुलगी माझ्याकडे आली. मी लग्न केलेलं नव्हतं. त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं.

शैलाच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती. प्रणालीचे दुधाचे दात पडून नवे आले, तेव्हा तिलाही तीच फट आली. सातव्या वर्षापासून गावातल्या बायका तिला वाटेत थांबवायच्या. हनुवटीला धरायच्या. म्हणायच्या, "हस की गं जरा." ती हसायची. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तिच्या हातावर कुणी चिंचेचा गोळा ठेवायचं, कुणी पेरू. लहान होती तोवर तिला तो खेळ वाटायचा. शाळेतून येताना ती कधी कधी आपणहून हसून पेरू घेऊन यायची.

दोन हजार नऊच्या संक्रांतीत केंद्राजवळच्या सरपंचांच्या घरी हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस बायका होत्या. प्रणाली दहावीला होती, पहिल्यांदाच साडी नेसून आली होती. तीही शैलाचीच साडी होती, माझ्याकडे ठेवलेली. ती आत येताच हिराबाई म्हणाली, "अगं बया. हस, हस बघू एकदा. शैलीला बघू दे."

बोलणं थांबलं. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मग ती हसली. हिराबाईने पदर डोळ्यांना लावला. मागून कुणी तरी म्हणालं, "तीच! अगदी तीच गं बाई!" आणखी दोघींनी पदर लावला.

परत येताना प्रणालीच्या हातात वाणाची गाळणी होती. ती गाळणीच्या जाळीतून रस्त्याकडे बघत चालत होती.

"मावशी, मला दात सरळ करायचेत."

"का?"

"मी हसले की बायका रडतात."

"माया असते गं त्यांची."

"असेल. पण माझ्यावर नाही." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "त्या माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या तोंडातून पलीकडे बघतात."

मार्चमध्ये परीक्षा संपली आणि मी तिला कराडला नेलं. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं: वरच्या मधल्या दातांतील फट, अडीच मिलिमीटर.

नऊ मे दोन हजार अकरा, सोमवार. अकरा वाजून वीस मिनिटांनी प्रणालीच्या तारा काढायला सुरुवात झाली. डॉ. अत्तार पस्तिशीच्या होत्या, बारीक अंगाच्या, बोलायला फटकळ. कराडमध्ये वाकड्या दातांवर उपचार करणारी बाई म्हणून त्यांचं नाव होतं. त्या दोन वर्षांत प्रणालीचं त्यांच्याशी चांगलं जमलं होतं.

बाराला पाच मिनिटं असताना त्यांनी प्रणालीच्या हातात आरसा दिला.

"बघ. आणि काय वाटतं ते खरं सांग. खोटं बोललीस तर परत लावीन."

प्रणालीने बराच वेळ पाहिलं. दातांवरून जीभ फिरवली. "गुळगुळीत लागतंय. दुसऱ्याचे दात असल्यासारखं."

"दोन दिवसांत तुझे होतील. आता महत्त्वाचं. इकडे लक्ष दे, सिस्टर तुम्हीपण."

त्यांनी ट्रेमध्ये तीन नमुने ठेवले. एक गुलाबी टाळूची प्लेट, पुढून तार गेलेली. एक पारदर्शक साचा, त्यालाही त्या प्लेटच म्हणत. आणि प्लास्टरच्या दातांच्या मागच्या बाजूला चिकटवलेली बोटभर लांबीची बारीक तार.

"दात म्हणजे गावाला गेलेलं माणूस," डॉक्टर म्हणाल्या. "जरा सैल सोडलं की घरी पळतं. म्हणून ह्यातलं एक काही तरी घ्यायचं. पहिली दोन काढता येतात. तिसरी चिकटवली की चिकटली. माझं मत विचाराल तर हिला तिसरी. बाकीचे दात जुनी जागा विसरतात हो, ही मधली फट विसरत नाही. फार हट्टी. मागून तार लावू. दिसत नाही, काढावी लागत नाही, हिच्या लक्षात राहावं लागत नाही."

"चालेल," प्रणाली म्हणाली.

मी म्हणाले, "तारेच्या मागे कीट बसतं."

"बसतं. सहा महिन्यांनी साफ करून घ्यायचं."

"ती जुलैत पुण्याला जाणार. फार्मसीला. हॉस्टेलमध्ये एखादं टोक सुटलं तर कोण बघणार?"

डॉक्टरांनी मास्क खाली केला. "पुण्यात दातांचे डॉक्टर नाहीत असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तसं नाही. पण तार जिभेला टोचली, तिनं अंगावर काढलं, हिरडी सुजली. मी केंद्रात रोज बघते, डॉक्टर. पोरी दुखणं सांगत नाहीत. प्लेट असली तर काढता येईल. धुता येईल."

"काढता येते हाच तर तिचा दोष आहे! पोरं रुमालात गुंडाळतात, कँटीनमध्ये विसरतात. एकाची कुत्र्यानं खाल्ली. परवा एक आई आली, प्लेट पत्रावळीबरोबर उकिरड्यावर गेली म्हणून. पंधरा दिवस घातली नाही तर माझं दोन वर्षांचं काम पाण्यात."

"ही तशी नाही," मी म्हणाले.

"हे मात्र खरं." त्या प्रणालीकडे वळल्या. "पण तू बोल. एप्रिलमध्ये अठराची झालीस ना? दात तुझे. सही तुझी. मावशींना विचारायची गरज नाही."

प्रणालीने ट्रेमधली तार बोटाने चाचपून पाहिली. मग पारदर्शक साचा उचलून उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. हळदीकुंकवाच्या दिवशी हसण्याआधी तिने असंच पाहिलं होतं.

"मावशी काय म्हणते ते," ती म्हणाली. "तिला ह्यातलं कळतं."

"प्लेट," मी म्हणाले. "पारदर्शक."

"बावीस तास घालायची," डॉक्टर म्हणाल्या. "मी बावीस म्हणते तेव्हा बावीस."

"बावीस म्हणजे बावीस," प्रणाली म्हणाली आणि तिने कागदावर सही केली. सज्ञान म्हणून तिने केलेली ती पहिली सही असावी. तिने आडनाव पूर्ण लिहिलं.

माप घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी कपाटातून प्लास्टरचे दोन जबडे आणले. एक दोन वर्षांपूर्वीचा, एक गेल्या महिन्यातला. शेजारी शेजारी ठेवले. जुन्याच्या पुढच्या दोन दातांत ती फट होती.

"हे जुनं नेणार का आठवण म्हणून? काही वर्षं आम्ही ठेवतो, मग टाकतो."

"नको," प्रणाली म्हणाली. "आत्ताच टाका."

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरांनी तो कोपऱ्यातल्या बादलीत टाकला. प्लास्टर फुटल्याचा आवाज झाला.

साचा चारला मिळणार होता. एसटी स्टँडवर प्रणालीने शेंगदाण्याची चिक्की घेतली. दोन वर्षं ती तिला बंद होती. बाकावर बसून पुढच्याच दातांनी तोडून खाल्ली. प्रत्येक घासाला माझ्याकडे बघून दात दाखवत होती.

साडेसहाला आम्ही गावात उतरलो. हिराबाई केंद्राच्या पायरीवर बसली होती.

"काढल्या व्हय तारा? बघू, हस बघू."

प्रणाली हसली. हिराबाई बघत राहिली. तिची नजर त्या दातांवरून डोळ्यांकडे गेली, पुन्हा दातांकडे आली. "झ्याक दिसतंय हो," ती म्हणाली. "शिनेमातल्या बाईगत." मग तिने पायरीवरची पिशवी उचलली. मी चहाला थांब म्हटलं. ती म्हणाली, शेरडं बांधायचीत.

ती गेल्यावर प्रणालीने माझा हात धरला.

"बघितलंस? पदर लागला नाही."

इतकं खूश मी तिला आधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिने कॅलेंडरवर तास लिहायला सुरुवात केली. बावीस. बावीस. साडेबावीस. एका रविवारी लग्नाच्या जेवणाला उशीर झाला, तिथे एकवीस लिहून कंसात कारण लिहिलं. चौदा जूनच्या चौकोनात तिने काही लिहिलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी तांदूळ निवडत होते. ती समोर येऊन बसली. ताटातले खडे वेगळे करायला लागली.

"मावशी, एक विचारू?"

"विचार."

"सवयीनंच टाकलंस ना?"

"हो."

तिने एक खडा उचलला, ताटाच्या कडेला ठेवला. "मी विचारायच्या आधीच हो म्हणालीस."

"विचारून झालं होतं तुझं."

"बरं," ती म्हणाली. नंतर तिने फक्त एवढंच विचारलं की कराडला सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे.

पंधराला बुधवार होता, त्या दिवशी डॉक्टर अत्तारांचा दवाखाना बंद असायचा. सोळा तारखेला ती साडेसातच्या गाडीने एकटी गेली. मी येते म्हणाले. ती म्हणाली, "तुझा दवाखाना आहे." आरोग्य केंद्राला ती कधी दवाखाना म्हणत नसे.

दुपारी तीनला ती परत आली. चप्पल काढायच्या आधी दारातच उभी राहिली, तोंड उघडलं, मान मागे केली आणि बोटाने वरचा ओठ उचलला. समोरच्या चार दातांच्या मागे तार होती. चारही दातांवर पांढरे ठिपके होते.

"आता काढता येत नाही," ती म्हणाली. "कुणालाच."

मी बघितलं. काम स्वच्छ होतं. मी तसं म्हणाले.

"डॉक्टरांनी विचारलं, मावशी का नाही आल्या?"

"काय सांगितलंस?"

"कामात आहे म्हणाले."

ती आत गेली. जुलैच्या अकरा तारखेला पुण्याला गेली. आमच्यात भांडण झालं नाही. त्यानंतरही कधी झालं नाही. दर रविवारी फोन, दिवाळीला आठ दिवस, उन्हाळ्यात पंधरा. हिराबाई असेपर्यंत तिच्यासाठी साडी आणायची. पण काही ठरवायचं असलं की तिने ते आधी ठरवलेलं असायचं आणि मला नंतर सांगायची. नोकरी, हैदराबाद, घर. सगळे निर्णय बरोबर होते.

त्या चार मिनिटांचा मी पुष्कळ विचार केला आहे. आयुष्यभर मी नोंदी लिहिल्या. काय झालं, किती वाजता झालं, कशामुळे झालं. पहिल्या दोन गोष्टी मला लिहिता येतात. डबी बंद होती, ती मी उघडली. पातेलं अर्ध्या लिटरचं, स्टीलचं. पाणी मी कशासाठी उकळत ठेवलं होतं ते आठवत नाही. टाकताना मी घड्याळाकडे पाहिलं, आणि ती सवयच. पण उकळायच्या कुठल्याही वस्तूला मी पंचवीस वर्षांत हात लावलेला नव्हता. चिमट्याने धरायची, चिमट्याने सोडायची. रिटेनर मी हाताने टाकला. बोटाला वाफ लागली होती, ते आठवतं. वीस मिनिटं तर मी ठेवलाच नाही. चार मिनिटांनी गॅस बंद केला. म्हणजे भानावर आले, किंवा काम झालं होतं. कशामुळे, ते मला लिहिता येत नाही.

कराडचं मात्र लिहिता येतं. सोळा तारखेला ती एकटी गेली त्या सकाळी मी ट्रंकेतून अल्बम काढला. शैलाचे सात फोटो आहेत. स्टुडिओतला एक, साखरपुड्यातला गटाचा एक, लग्नातले चार, आणि प्रणालीला मांडीवर घेऊन एक. सातही फोटोंत तिचे ओठ मिटलेले आहेत. गावभर जिच्या हसण्याची आठवण काढतात, तिचा हसतानाचा एकही फोटो नाही. ती फट कुठेच दिसत नाही. मी हे त्या सकाळी शोधून काढलं नव्हतं. मला ते आधीपासून माहीत होतं. नऊ मेला, ट्रेमधल्या तीन नमुन्यांसमोर कीट आणि हिरड्यांबद्दल बोलताना मला ते माहीत होतं. मी सांगितलेलं प्रत्येक कारण खरं होतं. पण काढता येण्याजोगी वस्तू मी मागितली ती त्या कारणांसाठी नाही. कधी तरी ती काढली जाईल म्हणून मागितली.

ह्या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी निवृत्त झाले. हिराबाई तीन वर्षांपूर्वी गेली. प्रणाली हैदराबादला औषधांच्या एका कंपनीत आहे, गोळ्यांची तपासणी करते. तिची सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, तार सुटली."

"कुठली?"

"दातांची. डावीकडची बाजू. उजवीकडे घट्ट आहे."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा? आणि तू डॉक्टरकडे गेली नाहीस?"

"मंगळवारी साडेपाचची वेळ घेतलीय."

"फट?"

"आरशात दिसत नाही. जिभेला कळते." मग तिने विचारलं, "आईचा हसतानाचा फोटो आहे का गं तुझ्याकडे?"

त्या दिवसापर्यंत तिने आईचा कुठलाच फोटो मागितलेला नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

"अल्बममध्ये आहेत ना सहा-सात?"

"सात आहेत. सगळ्यांत तोंड मिटलेलं आहे."

"लग्नाच्यातपण?"

"लग्नाच्यातपण."

"असं कसं? सगळ्या तर म्हणायच्या किती हसायची, किती हसायची."

फोटो काढताना त्या काळी कुणीच हसत नसे, असं मला म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"मी सांगितलं होतं तिला," मी म्हणाले. "स्थळाला पाठवायला फोटो हवा होता. मी तिला कराडला स्टुडिओत घेऊन गेले. ती हसायला लागली. मी म्हणाले, शैले, तोंड मिट, फट दिसते. तिनं मिटलं. पुढे कॅमेरा दिसला की ती आपणहून मिटायची."

पडद्यावर तिने जीभ वरच्या दातांमागून फिरवली.

"म्हणून प्लेट मागितलीस?"

"हो."

"आणि उकळलीस?"

"ते मला अजून सांगता येत नाही, प्रणाली. खरंच येत नाही."

"बरं," ती म्हणाली.

"मंगळवारी काय करणार आहेस?"

"बघते."

मंगळवार होऊन गेला. बुधवारी मी फोन हातात घेतला आणि ठेवला. गुरुवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. तिच्याकडे पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही, कंपनीत तपासणी पथक येणार आहे, माझ्या गुडघ्याचा एक्सरे तिला पाठवून ठेवायचा. नऊ मिनिटं बोललो. दातांचा विषय तिने काढला नाही आणि मी विचारला नाही. एरवी ती व्हिडिओ कॉल करते. गुरुवारी साधा फोन केला होता.